चौदा दिवस गप्प

धाकट्याने माशांची जोडी आणली तेव्हा सगळ्यांचाच हिरमोड झाला. फायटर मासा म्हणजे झुळझुळीत शेपटीचा, लालनिळा असणार अशी समजूत. हे मात्र रानातल्या ओढ्यातले, मूळ जातीचे. मातकट, बोटभर, पाण्यात पडलेल्या काडीसारखे. "दोन महिने सांभाळ ताई, मग नेतो," असं म्हणून तो नोकरीच्या गावी गेला, त्याला दीड वर्ष झालं. धाकट्यांचे दोन महिने असेच असतात.

ताई म्हणजे घरातली थोरली, वय बेचाळीस. आधी धाकटा तिला ताई म्हणायला लागला, मग आईही, मग बाबाही. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, तिथले मालकही ताईच म्हणत. आई गेल्यावर घरात बाबा आणि ती, दोघंच उरली. बाबा इस्पितळात पस्तीस वर्षं कंपाउंडर होते. खुबा मोडल्यापासून त्यांचा सगळा प्रवास खाटेपासून टाकीसमोरच्या खुर्चीपर्यंत, काठी टेकत. टाकीत बदामाची वाळकी पानं, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, वर काचेचं झाकण आणि झाकणावर बाबांचा औषधं कुटायचा जुना खल. हे मासे उडी मारतात. जरा फट दिसली की बाहेर, आणि बाहेर म्हणजे फरशी.

एका सोमवारी नराने खाणं सोडलं. बाबांनी लगेच सिरिंज काढली आणि औषधाचं माप ठरवायला बसले. ताईने टाकीचं खाद्य देणाऱ्या मासेवाल्याला फोन केला. तो हसला. "आजारी नाही हो, बाप होतोय." ताईलाही हसू आलं. " अंडी तोंडात धरलीत त्याने. चौदा दिवस तोंड उघडणार नाही, खाणार नाही. फक्त त्याला दचकवू नका. घाबरला तर गिळून टाकतो सगळी."

झालं, बाबांना पेशंट मिळाला. कॅलेंडरवर फुल्या पडू लागल्या. टीव्हीचा आवाज बंद, भांड्याला भांडं लागलं तरी "शू!" दूधवाल्यालाही त्यांनी बेल वाजवू दिली नाही.

गप्प बसणारं घरात आणखीही एक जण होतं. मालक दुसऱ्या गावात नवं दुकान काढत होते आणि ते त्यांना ताईच्याच हाती द्यायचं होतं. दुकानाचा सगळा कारभार तिचा, वर राहायला खोली. उत्तर दुसऱ्या शनिवारपर्यंत हवं होतं. हो म्हणायचं तिने मनात केव्हाच ठरवलं होतं. बाबांसाठी दिवसभराची बाईसुद्धा विचारून ठेवली होती. पण बाबांसमोर उभं राहिलं की तोंडाला कुलूप. पिल्लं बाहेर पडली की बाबा खुशीत असतील, तेव्हा सांगू, असं तिने ठरवलं. सोमवारी पिल्लं यायची होती आणि शनिवार त्याआधी उभा होता. दोन दिवस मालकांकडे मागून घेता येतील, अशी तिने मनाची समजूत घातली.

बुधवारी तिला सुट्टी असायची. त्या दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी कपडे वाळत घालताना बाबांचा फोनवरचा आवाज कानावर आला. ते धाकट्याशी बोलत होते.

"पंचवीस-तीस तरी होतील. दिवसातून चारदा भरवायचं, तीन महिने. ... छे रे, मला कुठलं जमतंय. ताई आहे की. ती कुठे जातेय!"

हातातला टॉवेल पिळलेलाच राहिला. *ती कुठे जातेय.* दीड वर्षापूर्वी दोन महिने, आता तीन महिने, मग पिल्लांची पिल्लं.

जेवणानंतर बाबा आडवे झाले, घोरू लागले. ताई टाकीसमोर आली. नर पानाखाली थिजल्यासारखा उभा, पोट खपाटीला गेलेलं, हनुवटी फुगलेली. मादी मजेत फिरत होती. खुंटीवरच्या ताईच्या दुकानातल्या ॲप्रनच्या खिशात चष्म्याचे स्क्रू पिळायचा चिमुकला पेचकस होता. तिने तो काढला आणि त्याच्या मुठीने काचेवर ठोकलं. एकदा, मग पुन्हा, जोरात.

नर उसळला, झाकणावर आपटला, खाली आला. त्याचा गळा दोनदा हलला. हनुवटी सपाट झाली.

आपण हे काय केलं, हे तिला त्या क्षणी कळलं. पण गिळलेलं काही परत येत नाही.

संध्याकाळी बाबांना दिसलं. ते कितीतरी वेळ काचेला नाक लावून बसले. मग वळले, तेव्हा डोळ्यांत पाणी.

"माझ्यामुळे झालं गं, ताई. सकाळी काठी पडली माझ्या हातातून. इथेच, टाकीपाशी. तुला सांगितलं नाही मी."

"बाबा, काठीने नाही—"

"नाही कसं! मासेवाला म्हणालाच होता. मला काय गं करायची होती पिल्लं? तू फोनवर त्याच्याशी बोलताना हसलीस. आई गेल्यापासून तुला हसताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, पोरीला एवढी एक तरी हौस..."

काच मी वाजवली, हे सांगायचं तर का वाजवली तेही सांगावं लागणार होतं. ताई नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला काठीचा आवाज आला नाही. बाबा मात्र चालत होते. काठीच्या टोकाला त्यांनी फडकं गुंडाळून वर दोरा आवळला होता. "आता पुढच्या खेपेला आवाज नाही," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता काठी गुळगुळीत फरशीवरून सरकली. ताईने धावत जाऊन दंड धरला म्हणून बरं, नाहीतर दुसरा खुबा गेला असता.

तिने ते फडकं सोडलं. शुक्रवारी ते पुन्हा होतं. पुन्हा सोडलं. शनिवारी सकाळी पुन्हा, यावेळी कंपाउंडरची पक्की गाठ मारलेली. ती खाली बसून नखांनी गाठ ओढत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"काय ताई, काय ठरलं?" मालक विचारत होते.

गाठ सुटत नव्हती. वर बाबा तिच्या खांद्यावर हात टेकून उभे होते, सगळा भार देऊन.

"नाही जमणार," ताई म्हणाली.

बाबांनी काय जमणार नाही ते विचारलं नाही. त्यांचं लक्ष टाकीकडे होतं. नराने पहिल्यांदाच एक अळी टिपली होती.

"खायला लागला बघ," ते हळूच म्हणाले. "सुटला बिचारा."