उंबऱ्यात निजलेला राजा

दावीद राजा उत्कर्षाने शोधला होता. शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी सगळे किल्ले बांधत बसले असताना तिने थेट जॉर्जियात उडी मारली. तिच्याहून जेमतेम वर्षाने मोठा असताना गादीवर बसलेला, मोडकं राज्य पुन्हा उभारणारा, दिदगोरीच्या लढाईत आपल्याहून कितीतरी मोठं सैन्य पळवून लावणारा राजा!

आणि वर्गातल्या नाटुकल्यात राजाचा मुकुट कुणाला? अपूर्वाला. का, तर शनिवार पेठेतल्या अपूर्वाची वाणी स्वच्छ. उत्कर्षाच्या बोलण्यात अजून यवतमाळ डोकावतं. वर्गशिक्षिका पद्मजाबाईंनी हे इतकं गोड सांगितलं की रागवायचीही सोय उरली नाही. आयत्या बिळावर नागोबा, उत्कर्षा पुटपुटली.

तिच्या वाट्याला आलं राजाचं थडगं. मी बांधलेल्या मठाच्या दारातच मला पुरा, येणाऱ्या प्रत्येकाचा पाय माझ्यावर पडू दे, असं तो म्हणाला होता म्हणे. उत्कर्षाने वर्गाच्या दारात, चौकटीपासून आतल्या बाकापर्यंत, पुठ्ठ्याची शिळा चिकटवली. वर ठसठशीत ‘राजा दावीद’. तुडवू दे सगळ्यांना अपूर्वाच्या राजाला, चपलांसकट.

पण लोक तुडवेनात. एका काकूंचा अंगठा चुकून लागला, तर त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मागे सरल्या. दाराशी ही गर्दी.

“राजाला दारात का झोपवलंय?” एका आजोबांनी विचारलं. “आत जागा नव्हती?”

उत्कर्षा सांगू लागली. यवतमाळी हेलासकट राजाचा सगळा जन्म सांगितला, आणि लोक ऐकत राहिले. आत अपूर्वा मुकुट घालून रिकाम्या बाकांकडे बघत होती. उत्कर्षाला आतून गारगार वाटलं.

शेवटी अपूर्वा दाराशी आली. “सोड ना गं त्यांना आत.”

“मी कुठे अडवलंय? तुझ्या राजाने अडवलंय.”

“पण त्याला तर तुडवून घ्यायचं होतं ना?” आजोबा म्हणाले.

उत्कर्षाने बूट काढले, सवयीने नमस्कार केला आणि नावावरच पाय ठेवला. मागून आजोबा, काकू, सगळेच.

अपूर्वाने काम झकास केलं, दुर्दैवाने. उत्कर्षाने टाळ्याही वाजवल्या. फक्त मुकुट पार तिरका झाला होता, आणि ते तिने अपूर्वाला मुळीच सांगितलं नाही.