मत मुंबईसाठी

"मी तुमाला मत नाय दिला," ओटीवर टेकता टेकताच कमळाबाई म्हणाली.

त्र्यंबकरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. सत्तावन्नच्या निवडणुकीचा निकाल कालच लागला होता आणि ते सपाटून आपटले होते. एरवी सकाळी नौपाड्यातल्या या ओटीवर बसायला जागा मिळत नसे. आज कोपरीच्या मिठागरावरची ही एकटीच आली होती, आणि तीही हे सांगायला!

"अगं, मग आलीस कशाला?" चहा घेऊन आलेल्या मंदाकिनीबाईंना राहवलं नाही.

"मत मुंबयसाठी दिला, वैनी. मुंबय आपल्याला नको का? पन सायेब घरचा मानूस. मालकानं मिठागरावरचे हिरीला कुलूप लावलाय. दिसभर उनात राबाचा, नि प्यायचा पानी गावातून आनाचा. कोनाला सांगू?"

त्र्यंबकरावांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. वकिली सोडून सेहेचाळीस साली ते मुंबईच्या विधानसभेत गेले, तेव्हा याच मजुरांसाठी मंत्र्यांशी भांडत आणि संध्याकाळी कोपरीत जाऊन उत्तर सांगत. पुढे लोकसभा आली. दिल्लीत मिठागरांवर बोलायला उभे राहिले की दोन वाक्यांत अध्यक्षांची घंटी वाजे. मुंबई महाराष्ट्राला देण्याचा प्रश्न आला तेव्हा तर घंटी वाजायचीही वेळ आली नाही. पक्षाचा आदेश होता, ते बसून राहिले. त्यानंतर कित्येक दिवस त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं, हे एकट्या मंदाकिनीबाईंना ठाऊक होतं.

"बरोबर दिलंस मत," ते म्हणाले. "चहा घे. मग कचेरीत जाऊ."

"अहो, आजच? लोक हसतील."

"हसू देत की. आता दिल्लीची गाडी थोडीच गाठायचीय मला?"

विहिरीचं कुलूप निघायला पुढे पंधरवडा गेला, चार खेपा झाल्या. पण त्या पहिल्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात कोणी उठून उभं राहिलं नाही. ओळखीचे कारकून फायलींत डोकं घालून बसले. नवा शिपाई पुढे आला.

"कोण आपण?"

'खासदार' हा शब्द सवयीने ओठांपर्यंत आला. त्र्यंबकरावांनी तो गिळला.

"वकील. या कमळाबाईंचा."

शिपाई आत गेला. त्र्यंबकराव बाकावर बसले. कमळाबाई जमिनीवर बसू लागली, तसे ते बाकावर सरकले आणि धोतराच्या सोग्याने शेजारची धूळ पुसू लागले.