सावरीखालचे बूट

यंत्राला माणूस ओळखता येत नाही. त्याचा किरण कशाला तरी लागून परत आला, की तिथे एक ठिपका पडतो, एवढंच. दगड हलत नाही, म्हणून दगड जसाच्या तसा येतो. चालत्या माणसाचे मात्र तुकडे होतात. इथे एक पाऊल, तिथे अर्धा खांदा, मध्ये नुसती हवा. हॅम्बर्गच्या त्या ऑफिसात अशा तुकड्यांना सगळे ‘गाइस्टर’ म्हणत, म्हणजे भुतं. गिऱ्हाइकाला काम देण्याआधी ती पुसून काढायची, हे वल्लरीच्या वाट्याचं काम.

ग्वाटेमालाच्या जंगलातलं ते माया लोकांचं देऊळ एका म्युझियमसाठी मोजलं होतं. डोळ्यांवर चष्मा चढवला की लोक इथल्या पावसातून थेट त्याच्या पायऱ्यांशी उभे राहणार होते. बाकी सगळं तयार होतं. भुतं तेवढी राहिली होती, कारण वल्लरी त्या फाइलला हातच लावत नव्हती. त्या दौऱ्यावर बाबा तिच्याबरोबर होते, आणि आता बाबा नव्हते.

‘‘तर मग, वल्लरी,’’ शेजारच्या टेबलावरचा हेनिंग म्हणाला, ‘‘म्युझियमची माणसं उद्या येताहेत. आणि मी बघितलं, एक भूत भारीच हट्टी आहे. देवळाच्या चारही बाजूंना तेच. तुमच्यातल्या कुणाला जरा झाडाखाली बसवलं नाही वाटतं?’’

‘‘बसवलं होतं,’’ वल्लरी म्हणाली आणि तिने चष्मा चढवला.

बसवलं होतंच. बाबांनी, म्हणजे नागेशरावांनी, जन्मभर पुण्यात कारखान्यांची यंत्रं बसवली, पण देवळात म्हणून कधी पाऊल टाकलं नाही. जेजुरी असो की कोल्हापूर, आई आणि वल्लरी दर्शनाला निघाल्या की ते बाहेर पेपर उघडत. ‘‘या तुम्ही जाऊन. चपला मी बघतो.’’ ग्वाटेमालातही त्या सकाळी त्यांनी आधी झाडच पाहिलं होतं. ‘‘अगं, ही तर आपली पांढरी सावर!’’

‘‘हो. आता त्या सावरीखालीच बसा. यंत्रं फिरत असताना मध्ये यायचं नाही.’’

‘‘बरं, बाईसाहेब.’’

स्थानिक पथकाने चार बाजूंना चार यंत्रं लावली आणि सगळी माणसं झाडीआड झाली. वल्लरी वर चढली, गाभाऱ्यातल्या अरुंद खोल्या मोजायला. खाली आली तेव्हा बाबा सावरीच्या मुळांवर बसून बुटाची नाडी बांधत होते. कंटाळलात का, असं तिने विचारलं. ‘‘छे! तुझ्या भिंगऱ्या बघत होतो.’’

आता चष्म्यात ती सकाळ होती, पण रंगाशिवाय. राखाडी ठिपक्यांच्या उभ्या पायऱ्या. वर काळोखाचं चौकोनी तोंड. माकडांचा आरडाओरडा नाही, वारा नाही. सावरीखाली बूट होते. हॅम्बर्गच्या मोंकेबेर्गस्ट्रासवरच्या दुकानातून तिनेच घेऊन दिलेले. बाबा टाच दाबून घालत, म्हणून मागची कड चेपलेली. तीसुद्धा आली होती, अगदी स्वच्छ. बुटांत कुणी नव्हतं.

ती पुढे झाली. पायऱ्यांसमोर एक घोटा. कोपऱ्यावर टोपीचा काठ आणि खाली काहीच नाही. नुसता हात. पाठीचा एक काप. अनवाणी माणूस देवळाभोवती चालला होता, सावकाश, भिंतीला धरून. मागच्या बाजूला मात्र तो थांबला असावा. तिथे तो पुरा उभा होता, मान खाली, तळवा दगडावर टेकलेला. वल्लरी जवळ गेली. चेहऱ्याच्या जागी टोपीची सावली होती. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

चष्मा काढून ती कँटीनच्या खिडकीशी गेली आणि तिने पुण्याला फोन लावला.

‘‘आई, बाबांनी कधी प्रदक्षिणा घातली होती का गं?’’

‘‘ह्यांनी?’’ शोभनाताई हसल्या. ‘‘लग्नानंतर पाया पडायला नेलं, तर म्हणाले मी स्कूटरपाशी थांबतो. का गं?’’

‘‘त्या जंगलातल्या देवळाला घातलीय. अनवाणी. माझ्या यंत्रांत आलेत.’’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

‘‘देऊळ उजव्या हाताला ठेवून ना?’’

प्रत्येक यंत्राच्या नोंदीला वेळ असते. वल्लरीने बरोबर आणलेला लॅपटॉप उघडला. आधी पूर्वेच्या यंत्रात, मग उत्तरेच्या, पश्चिमेच्या, शेवटी दक्षिणेच्या.

‘‘डाव्या,’’ ती म्हणाली.

‘‘चुकले असतील,’’ आई घाईने म्हणाली. ‘‘सवय कुठे होती.’’ मग म्हणाली, ‘‘तुम्ही निघायच्या आधीच ह्यांचा रिपोर्ट आला होता, वल्ली. शपथ घातली मला. म्हणाले, कळलं तर ती विमानतळावरूनच परत धाडेल.’’

एल्ब नदीवरून फेरीबोटीचा भोंगा आला. उलटा फेरा कधी घालतात हे वल्लरीला कुणी सांगायला नको होतं. मुलगा नाही म्हणून बाबांच्या वेळी स्मशानात पाण्याचं मडकं तिच्याच खांद्यावर दिलं होतं, आणि गुरुजी म्हणाले होते, ‘‘चिता डाव्या हाताला ठेवून, ताई.’’ आपल्या वडिलांच्या वेळी बाबांनीही तसंच केलं होतं. शिवाय हा माणूस दिशा चुकणारा नव्हता. पाना हातात देऊन त्यांनीच तिला शिकवलं होतं: उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल.

ती जागेवर परतली. टेबलाखाली बूट काढले, मोज्यांवरच उभी राहिली, चष्मा चढवला.

तिने शेवटाकडून सुरुवात केली. दक्षिणेची पाठ. मग पश्चिम. तळवा टेकून उभा असलेला तो माणूस पुसायला हात उचलेना. पण उद्या अनोळखी लोक इथे येणार, त्याच्या अंगातून आरपार चालत जाणार. तिने पुसला. दगड उघडा पडला. उत्तर, पूर्व. त्यांची पावलं उलटी चालत ती कडेकडेने निघाली, आणि देऊळ सबंध वेळ तिच्या उजव्या हाताला होतं. शेवटचा घोटा गेला तेव्हा ती सावरीपाशी पोचली होती.

बूट राहिले होते. वल्लरीने चष्मा काढला.

दुपारी हेनिंगने तपासणी केली. ‘‘सुपर. एकदम स्वच्छ. फक्त झाडाखाली कुणाचे तरी बूट राहिलेत.’’

‘‘राहू देत.’’

‘‘लोक विचारतील ना, कुणाचे म्हणून.’’

‘‘सांग,’’ वल्लरी म्हणाली, ‘‘आत गेलेत.’’