छपरावर कान असलेला राउटर

मी एक जुना राउटर आहे. कपाळावर चार हिरवे दिवे, पाठीला दोन शिंगं आणि राहायला चालतंफिरतं घर. माझे भाऊबंद दिवाणखान्यात टीव्हीशेजारी बसून जन्म काढतात. मी मात्र मोटरहोममध्ये राहतो, म्हणजे स्वयंपाकघर, बिछाना आणि न्हाणीघर घेऊन फिरणाऱ्या लांबलचक गाडीत. मित्रांनो, आज नदीकाठी आणि उद्या डोंगरात, असं भाग्य आमच्यात फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका वेळी इतके जण जन्माला येत होते की लाड करायला कुणाला सवड नव्हती. खरं आयुष्य सुरू झालं ते काकांनी मला खोक्यातून बाहेर काढलं तेव्हा. काका निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक. जन्मभर वर-खाली केलं, आता आडवं फिरायचं, असा त्यांचा निश्चय होता. त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, गाणं शिकवायच्या. रोज संध्याकाळी त्यांचे शिष्य आपापल्या घरून लॅपटॉपवर जमायचे. निघण्याआधीच बाईंनी बजावलं होतं, "अहो, फिरायला माझी ना नाही. पण वर्ग नीट चालला नाही तर आपण सरळ घरी परतायचं."

काकांनी कंबर कसली. गाडीचं अंग पत्र्याचं, त्यामुळे आत बसून मला बाहेरचं काही धड ऐकू येईना. म्हणून त्यांनी छपरावर अँटेना बसवला; तोच माझा कान. नव्याकोऱ्या छपराला भोक पाडताना त्यांनी चक्क डोळे मिटून घेतले होते. पाणी शिरू नये म्हणून भोकाभोवती इतका चिकट लगदा थापला की त्यात एक स्क्रूड्रायव्हर कायमचा रुतून बसला. माझ्या पोटात दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घातली; एक रुसलं की दुसरं कामाला लागायचं. वीज थेट गाडीच्या बॅटरीतून दिली. आणि मला बसवलं ओट्यावरच्या फळीवर, कारण वायर तिथवर आयती आली होती. खाली मायक्रोवेव्ह होता. दिसायला गोंडस, अबोल. शेजार चांगला मिळाला म्हणून मी खूश झालो.

सुरुवातीचे दिवस काय मजेचे होते! बाई गायच्या, शिष्य गायचे आणि ते सगळे सूर माझ्यातून जायचे. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचं नेट एकदम पक्कं." मला अगदी मूठभर मांस चढायचं.

मग थंडी पडली आणि माझे ग्रह फिरले. रोज वर्ग ऐन रंगात आला की बाईंचं चित्र गोठायचं. थोड्या वेळाने चालू व्हायचं, तोवर गाण्याचा विचका झालेला असायचा. काका बघायला येत तेव्हा सगळं सुरळीत असे. त्यांनी सिमकार्डं बदलली, छपरावर चढून अँटेना फिरवला, मला दहादा बंद-चालू केलं, शेवटी दोन चापट्याही मारल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला फार वाईट वाटलं, पण तोंड कुठे होतं सांगायला?

बाई एका सकाळी शांतपणे म्हणाल्या, "आजचा वर्ग बघते. नाहीतर उद्या परत फिरू." काकांनी नकाशाची घडी घातली. समुद्र अजून बघायचा राहिला होता.

संध्याकाळी तान ऐन भरात असताना चित्र पुन्हा गोठलं. ते चालू झालं तेव्हा शिष्यांपैकी एक दाताचे डॉक्टर होते, ते चाचरत म्हणाले, "बाई, राग मानू नका. तुम्ही गोठता तेव्हा तोंड उघडं असतं, म्हणून मी सवयीने दाढा बघत बसतो. उजवीकडची वरची एकदा दाखवून घ्या. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही परत हलायला लागलात की तुमच्या हातात दर वेळी वाफाळता चहा असतो."

बाईंनी हातातल्या कपाकडे पाहिलं. मग काकांकडे. थंडीत बायकोचा गळा बसू नये म्हणून काका रोज थर्मासमधला चहा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देत होते, आणि त्या गोंडस शेजाऱ्याच्या लहरींच्या गोंगाटात माझ्या लहरींचा आवाज बुडत होता.

खात्री करायला काकांनी नुसतं पाणी गरम करायला ठेवलं. बाई पुन्हा गोठल्या.

"म्हणजे मीच का तो?" काका म्हणाले.

"तुम्हीच. आणि मी त्या बिचाऱ्या राउटरला शिव्या घालत होते," असं म्हणून बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. लॅपटॉपमधले सगळे शिष्यही हसत सुटले. ते हसू मी एकही तुकडा न पाडता घरोघरी पोहोचवलं. तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मला उचलून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कपाटात हलवलं. चहा गॅसवर गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "मग? परत फिरायचं?" बाई म्हणाल्या, "हो, पण समुद्र बघून." समुद्रानंतरही आम्ही कितीतरी वर्षं परत फिरलो नाही.

मित्रांनो, आमच्यापैकी कुणी अडखळला तर लगेच चापट मारू नका. आधी शेजारी कोण आहे ते बघा, अंगावरची धूळ पुसा, थोडी मोकळी जागा द्या.

आता माझा एक दिवा मिणमिणतो. परवा दुकानदाराने काकांना नवा राउटर दाखवला. काका म्हणाले, "नको. यानं आमची फुकट बोलणी खाल्लीत. ती फिटेपर्यंत हा आमच्याबरोबरच फिरणार."