पाचवं वाक्य

वही शिलाई मशीनच्या झाकणाखाली होती, म्हणजे लपवलेली नव्हती. तरी तो ती चोरासारखीच काढत होता. बायको न्हाणीघरात होती. पाण्याचा आवाज चालू आहे तोवर सगळी वही वाचून होईल, असा त्याचा अंदाज. छापखान्यात बत्तीस वर्षं इंग्रजी प्रूफं तपासली होती. कुठल्या पानाला किती वेळ लागतो हे त्याला घड्याळ न बघता कळे.

प्रत्येक पानावर वर एक इंग्रजी क्रियापद, शेजारी त्याचा मराठी अर्थ आणि खाली आकडे घालून पाच वाक्यं. ‘ओपन’च्या पानावर तिसरं वाक्य होतं : ‘सर ओपन्ड द विंडो फॉर मी.’

सरांनी माझ्यासाठी खिडकी उघडली.

त्याने ते दोनदा वाचलं. त्यात चूक नव्हती. चूक असती तर इतकं खुपलं नसतं. मग सवयीने त्याने मोजदाद केली. अठरा क्रियापदं, नव्वद वाक्यं. मशीन अकरा वेळा. सर सात वेळा. शेजारीण चारदा. तो स्वतः एकदा, ‘ईट’च्या पानावर : ‘माय हजबंड ईट्स अ‍ॅट एट.’ माझा नवरा आठ वाजता जेवतो.

म्हणजे नव्वद वाक्यांच्या संसारात आपण फक्त आठला जेवून उठतो, असं त्याच्या मनात आलं. आतलं पाणी थांबलं तशी त्याने वही झाकणाखाली सरकवली.

बायको एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात, रफू आणि बटणांच्या टेबलावर काम करत होती. गिऱ्हाइकाच्या कोटाला टाचलेल्या तक्रारीच्या चिठ्ठ्या इंग्रजीत येत. ज्या बाईला त्या वाचता येतील ती टेबलाची मुख्य होणार, असं वरून ठरलं होतं. म्हणून आठवड्यातून तीन संध्याकाळी ती वाचनालयाच्या माडीवरच्या वर्गाला जाऊ लागली. सरांचा नियम एकच : दर वेळी एक क्रियापद, त्याची पाच वाक्यं, आणि ती आपल्या घरातली, आपल्या कामातली, खरी घडलेली. पुस्तकातलं वाक्य आणलं की परत.

“आज कोणतं?” ती केस पुसत बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

“काय कोणतं?”

“क्रियापद गं. तुझ्या सरांचं.”

“‘कॅरी’. वाहून नेणं.”

“मी देतो पाच वाक्यं. लिहून घे. बिनचूक.”

“बिनचूक नकोत हो. खरी हवीत.”

“का, माझी खोटी असतात?”

“तुम्ही काय वाहून आणता घरात? पेपर तेवढा.” ती हसली आणि चहाकडे वळली. तो हसला नाही.

खरं तर पहिलं इंग्रजी ती त्याच्याच घरात बोलली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी छापखान्याचे मालक चहाला आले होते. कप पुढे करताना तिने पाठ केलेलं एक वाक्य म्हटलं. त्यात एक चूक होती. त्याने ती तिथल्या तिथे, मालकांसमोर दुरुस्त केली आणि हसला. मालकही हसले. त्यानंतर सव्वीस वर्षं या घरात रेडिओ सोडला तर कुणी इंग्रजी बोललं नव्हतं. रेडिओवरच्या सातच्या इंग्रजी बातम्या तो रोज ऐकायचा, निवेदकाच्या चुका टिपत.

‘कॅरी’च्या त्या दिवशी दुपारी ती वाण्याकडे गेली आणि त्याने खिशातली लाल पेन्सिल काढली. माणसं म्हातारी होतात, पण प्रूफ तपासणाऱ्याचा हात होत नाही. नव्वद वाक्यांत एकसष्ट चुका निघाल्या. समासात नेमक्या खुणा, खाली नीट अक्षरात बदल. हे करताना त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. त्या माणसाला कळू दे, या घरात इंग्रजी जाणणारा कुणी आहे. छापखान्याच्या रिवाजाप्रमाणे तपासलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याने आपली छोटी सही केली.

संध्याकाळी ती वर्गावरून आली ती पिशवी खांद्यावरून न काढताच दारात उभी राहिली.

“तुम्ही केलंत?”

“चुका होत्या.”

“सरांनी पाहिलं.”

“मग?” याच क्षणाची तो दुपारपासून वाट बघत होता. “काय म्हणाले?”

“म्हणाले, ज्यांनी केलंय त्यांचं इंग्रजी फार चांगलं आहे.”

“म्हणाले ना?”

“आणि मला म्हणाले, तुम्ही नवी वही घ्या.”

नवी वही मशीनच्या झाकणाखाली कधी आली नाही. ती पिशवीत राहिली, पिशवीला चेन होती. उशापाशी पिशवी, कामावर पिशवी, स्वयंपाक करताना खुंटीवर पिशवी. त्याला झोप लागेना. एखादी चिठ्ठी सापडली असती, फोन सापडला असता, तर निदान भांडता आलं असतं. शाळकरी वाक्यांबद्दल कुणाशी भांडायचं?

शेवटी एका संध्याकाळी तो तिच्या मागोमाग निघाला. वाचनालयाचा जिना लाकडी होता. वळणावर उभं राहिलं की वरचा वर्ग कठड्याच्या गजांतून दिसे. त्याने मनात सरांचा कोट, सरांचे दाट केस, सरांचा आवाज, सगळं तयार ठेवलं होतं.

सर म्हणजे त्याच्याहून दहा वर्षांनी म्हातारा, पोक आलेला माणूस निघाला. स्वेटरच्या कोपराला ठिगळ. कानात यंत्र, तरी ऐकू कमी यायचं. म्हणून तो खुर्ची ओढत प्रत्येक बाईच्या समोर जायचा, गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकायचा आणि ती बोलेपर्यंत तसाच थांबायचा. घाई नाही. आठ बायका होत्या, आठ वेळा खुर्ची सरकली.

फळ्यावर लिहिलं होतं ‘लिसन’. ऐकणं.

खुर्ची त्याच्या बायकोसमोर आली. तिने वही उघडली.

“आय लिसन टू द मशीन,” ती म्हणाली. मग मराठीत, “सर, सुई मोडायच्या आधी तिचा आवाज बदलतो. मला कळतं.”

“छान. पुढे?”

“माय नेबर लिसन्स टू माय वॉल.”

बायका खो खो हसल्या. सरांनी कानामागे हात धरून ते पुन्हा म्हणायला लावलं आणि मग तेही हसले. जिन्यावर त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीवर गेला होता. आता येईल, त्याला वाटलं. आता सर येतील.

“सर लिसन्स टू ऑल ऑफ अस.”

आम्हां सगळ्यांचं. त्याला हलकं वाटलं, पण पुरतं वाटून व्हायच्या आत चौथं आलं.

“माय हजबंड लिसन्स टू द रेडिओ.”

माझा नवरा रेडिओ ऐकतो. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जेवायची वेळ सांगावी तसं तिने ते सांगितलं. त्याने वाक्य इकडून तिकडून तपासलं. क्रियापद बरोबर होतं, उच्चार स्वच्छ होता, आणि मजकूर खरा होता. कुठे खूण करायला जागा नव्हती.

“पाचवं?” सरांनी विचारलं.

“पाचवं नाही मिळालं, सर. पुष्कळ शोधलं.”

“राहू दे. आकडा घालून जागा रिकामी ठेवा. मिळेल तेव्हा लिहा.”

खुर्ची पुढे सरकली. तो आवाज न करता जिना उतरला.

ती घरी आली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि घर शांत होतं. तिने आधी रेडिओकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“बिघडला का?”

“नाही.”

“मग? बरं नाही का तुम्हांला?”

“बरा आहे.” तो खुर्ची ओढून मशीनपाशी आला. हात कुठे ठेवावे हे न कळून त्याने ते गुडघ्यांवर ठेवले. “बोल.”

“काय बोलू?”

“काहीही. आज काय झालं ते.”

ती स्टुलावर बसली. तिने खरोखरच विचार केला. ओठ एकदा हलले. मग नजर त्याच्या खिशातून वर आलेल्या लाल पेन्सिलीवर गेली आणि ओठ मिटले. त्याने पेन्सिल काढून मशीनच्या फळीवर ठेवली.

“काही विशेष नाही झालं,” ती म्हणाली.

उद्या द्यायची कुणाची तरी पँट पडली होती. खुणेचा खडू संपला होता. तिने लाल पेन्सिल उचलली, पँट उलटी करून आतल्या बाजूने तीन बारीक खुणा केल्या, पेन्सिल कानामागे खोचली आणि मशीन सुरू केलं.

तो पुढे वाकून ऐकत राहिला. आवाज कुठे बदलतो, हे त्याला कळत नव्हतं.