जाडीचं डावं चाक

“हिच्या ब्रेकात एरंडेल आणि स्पिरिट. दुसरं काही पाजलंत तर रुसेल हं माझी जाडी!”

बाबांचं हे बोलणं नेरेइदानं ऐकलं, तेव्हा तिचे पाय सीटवरून खाली टेकतही नव्हते. जाडी म्हणजे घरची चोपन्न सालची निळी अमेरिकन मोटार. बाबा गेले आणि ती दोघा भावंडांच्या वाट्याला आली. नेरेइदानं सांतियागोहून बोनियातोच्या घाटापलीकडे उतारू न्यायचे, थोरल्या एवेलियोनं दुरुस्ती बघायची.

पण हल्ली पुढचं डावं चाक हट्टाला पेटलं होतं. ब्रेक दाबला की लागायचा, पाय उचलला तरी सुटायचा नाही. चाकातला ब्रेकचा ड्रम असा तापायचा की वर केळं तळावं. उतारावर गाडी डावीकडे ओढायची, आणि डावीकडे तर दरी! एवेलियोनं स्प्रिंगा बदलल्या, लायनर घासले, सैल केले. चाक जिथल्या तिथे. शेवटी तो म्हणाला, “विकून टाकू. परवा होल्गीन गावचा माणूस येतोय बघायला.”

“तुला जमेना, म्हणून माझी जाडी विकायची?”

“अर्धी माझीही आहे.”

“मग तुझी अर्धी वीक. ब्रेकवाली!”

तरी सकाळी त्यानं अंगणात जॅक लावलाच. नेरेइदा आत बसली.

“दाब.” तिनं दाबला. “सोड.” तिनं सोडला. चाक गच्च.

एवेलियोनं चाकामागचा, हवा काढायचा स्क्रू जरासा फिरवला. तेलाची चिळकांडी उडाली, आणि चाक भिंगरीसारखं फिरलं.

“अगं, लायनरचा दोषच नाही! तेल आत कोंडून बसतंय.”

स्क्रू आवळून, पुन्हा दाबायला-सोडायला लावून त्यानं आता वरचा सांधा सोडला, लोखंडी नळी रबरी नळीला मिळते तिथला. चाक हललं नाही. म्हणजे कोंडलेलं तेल या दोन जागांच्या मध्येच होतं. त्यानं रबरी नळी काढली. वरून धडधाकट. सुरीनं उभी चिरली, तर आतून गालगुंडासारखी सुजलेली. जेमतेम सुई जाईल एवढी वाट. पायाच्या जोरानं तेल पुढे जायचं, पण मागे परतायला त्याला स्प्रिंगांचा रेटा पुरत नव्हता.

त्यानं बोटावरचं तेल हुंगलं. “नेरे, हे एरंडेल नाही. यंत्राच्या तेलानंच रबर असं सुजतं. काय पाजलंस हिला?”

“बंदरातल्या क्रेनचं तेल. एरंडेल कुठे मिळत होतं तेव्हा? दिसायला तसंच होतं की!”

“दिसायला तर तुझा नवराही माणसासारखाच होता!”

आधी नेरेइदा हसली, मग तो. किती दिवसांनी त्या अंगणात हसू सांडलं. दुपारभर दोघांनी नळ्या स्पिरिटनं धुतल्या, चारही चाकांतली रबरं बदलली, एका रशियन मोटारीची नळी बसवली आणि शेजारणींच्या औषधाच्या फळ्यांवरचं एरंडेल गोळा करून, स्पिरिटात मिसळून ओतलं.

ऊन कललं तशी जाडी घाट चढून पलीकडे उतरू लागली. एवेलियो शेजारी, दाराची कडी मुठीत. वळण आलं, पाय टेकला, पाय उचलला, चाक मोकळं. दुसरं वळण आलं. पाय टेकला, पाय उचलला, जाडी सरळ. खाली गवताचा वास, वर घारी, आणि नेरेइदाच्या खांद्यांवरून कुणी भरलेली घागर उतरवून घ्यावी तसं झालं.

पायथ्याशी एवेलियोनं उतरून ड्रमवर तळवा ठेवला. नुसता कोमट. तो तिथंच बसून राहिला.

“होल्गीनवाल्याला काय सांगू?” तिनं खिडकीतून विचारलं.

“येऊ नको म्हणून सांग.”

“पैसे बरे देत होता म्हणे.”

“पैशासाठी नव्हतोच गं विकत.” त्याचा तळवा अजून ड्रमवरच होता. “तू घाटाला लागलीस की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. माझ्या हातची दुरुस्ती, आणि आत तुझा जीव. भ्यायलो होतो मी, नेरे.”