अकरा दसरे उभी राहिलेली फियाट

मी एक जुनी फियाट आहे मित्रांनो, सत्तावन्न सालची. माझ्या गोल नाकाडामुळे परळमध्ये मला सगळे ‘डुक्कर’ म्हणतात आणि मला त्याचा जराही राग येत नाही.

मी मूळची गिरगावातल्या एका डॉक्टरांची. धोंडू माझा ड्रायव्हर. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी मला त्याच्याच हवाली केलं आणि मी परळच्या चाळीत आले. चाळीतल्या किती नवऱ्या माझ्यातून लग्नाला गेल्या आणि किती बाळंतिणी घरी आल्या, याची गणतीच नाही.

सत्त्याऐंशी साली धोंडूच्या मुलाने, गंगाधरने, लाल मारुती घेतली. माझा पत्रा जाड, तिचा हलका. माझा गिअर स्टिअरिंगपाशी, तिचा खाली. माझी सकाळी मनधरणी करावी लागे. ती किल्ली फिरवली की निघाली. मला तिचा हेवा वाटे, खोटं कशाला बोलू? हळूहळू मी अंगणात उभीच राहिले.

दसऱ्याला मात्र वडीलधारी म्हणून पहिला हार मला. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकापाशी नारळ. गंगाधरने अकरा वर्षं हे नेमाने केलं, पण बॉनेट एकदाही उघडलं नाही. नारळाच्या पाण्याने माझी रिम गंजली.

यंदा चाळकऱ्यांना शेजारच्या टॉवरमध्ये घरं मिळाली. तिथे घरटी एकच गाडी ठेवता येणार होती.

“मारुती चालते तरी,” गंगाधर डोळे टिपत म्हणाला. “हिची शेवटची पूजा करू आणि भंगारवाल्याला बोलावू.”

त्याची नात अक्षदा गॅरेजात काम करते. ती म्हणाली, “आजोबा, अकरा वर्षं हार घालताय. ऑइल कधी बदललंत?”

गंगाधरने माझ्या गंजलेल्या रिमवरून बोट फिरवलं. अक्षदा पुढे म्हणाली,

“दसऱ्याला ही स्वतःच्या चाकांवर दादरला जाऊन आली तर ठेवायची. नाही जमलं तर मी अडवणार नाही.”

मी ठरवलं, जायचंच. अक्षदाने महिनाभर खपून कार्बोरेटर साफ केला, ब्रेक दुरुस्त केले, टायर बदलले. दसऱ्याच्या सकाळी मारुतीची बॅटरी काढून माझ्यात बसवली. मी दोनदा खोकले आणि गप्प झाले. गंगाधरने मान फिरवली. तिसऱ्यांदा मी जीव एकवटला आणि सुरू झाले.

दादरच्या फुलबाजारातून आम्ही हार घेऊन परतलो. गंगाधरने पहिला हार मारुतीला घातला. “बॅटरी हिची,” तो म्हणाला. मला पटलं. पुढच्या आठवड्यात अक्षदाचा मामा राजेश मारुतीला नवी बॅटरी बसवून माटुंग्याला, आपल्या घरी घेऊन गेला. तिथे ती रोज चालते. मी दर रविवारी दादरला जाऊन येते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या गाडीला हार जरूर घाला. पण त्याआधी तिच्या चाकांत हवा भरा.